शोधणाऱ्याच्या हाताचा कप्पा

वरोरा तालुक्यातल्या शेतकऱ्याला आपल्या शेताचा सातबारा पाहायचा असेल, तर महाभूलेख या राज्याच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळाच्या मूळ मांडणीत त्याला आधी विभाग निवडावा लागे. विभाग सहाच आहेत : कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर. नागपूर निवडलं की पुढे जिल्हेही सहाच. चंद्रपूर निवडलं की तालुके पंधरा. वरोरा म्हटलं की त्या एका तालुक्यातल्या गावांची यादी, आणि गाव सापडलं की गट क्रमांक. राज्यात चाळीस हजारांहून अधिक महसुली गावं आहेत, सातबारे कोटींच्या घरात आहेत. एवढ्या ढिगातून माणूस चार-पाच पायऱ्यांत आपल्या बांधावर जाऊन उभा राहतो. यात यंत्राची करामत थोडी आहे. खरी करामत प्रश्नांच्या क्रमाची आहे. प्रत्येक पायरीवर त्याला जे आधीच ठाऊक आहे तेवढंच विचारलं जातं. आपला जिल्हा, तालुका, गाव कोणी विसरत नाही. गट क्रमांक आठवला नाही तर आडनावावरून, पहिल्या नावावरून शोधायची सोय आहे. ‘विभाग’ ही पायरी तेवढी सरकारच्या सोयीची. शेतकरी स्वतःला नागपूर विभागाचा म्हणवत नाही, चंद्रपूरचा म्हणवतो. ती पायरी गाळली तरी त्याची वाट चुकणार नाही.

पुस्तकं असोत, कागद असोत, औषधं असोत की जंगलातली झाडं असोत, पुष्कळ गोष्टी एका ठिकाणी साठल्या की त्यांचे कप्पे पाडावेच लागतात. हे काम बहुतेक वेळा साठवणाऱ्याकडे येतं आणि तो ते आपल्या सोयीने करतो. कुठून आलं, कोणी दिलं, कधी आलं, कोणत्या खात्याचं, असे त्याचे प्रश्न असतात. शोधायला येणाऱ्याचे प्रश्न निराळे. त्याच्या हातात एखादं नाव असतं, एखादी गरज असते, कधी नुसती अर्धवट आठवण असते. कप्पा शोधणाऱ्याच्या हातात जे आहे त्यावरून पाडावा, ठेवणाऱ्याच्या डोक्यात जे आहे त्यावरून नव्हे, असं माझं म्हणणं आहे. ऐकायला ते उघड वाटतं. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात याच एका गोष्टीवरून गावांच्या गावांचं जगणं अडलेलं आहे, म्हणून ते सावकाश तपासून पाहायला हवं.

आधी तलाठ्याचं दप्तर उघडू. गाव नमुने एकापासून एकवीसपर्यंत आहेत. आपण ज्याला सातबारा म्हणतो तो कागद म्हणजे दोन नमुन्यांची जोडी : वर नमुना सात, अधिकार अभिलेख, खाली नमुना बारा, पिकांची नोंदवही. सातबारा गटाप्रमाणे लावलेला असतो. पण एका माणसाची जमीन एकाच गावात पाच ठिकाणी विखुरलेली असेल, तर पाच सातबारे काढत बसायचं का? त्यासाठी नमुना आठ-अ आहे. त्यात खातेदाराच्या नावावर गावातली सगळी जमीन एकत्र दिसते. आणि ही जमीन त्याच्याकडे आली कशी, वारसाने की खरेदीने, हे पाहायचं असेल तर नमुना सहा, म्हणजे फेरफार, तारखेच्या क्रमाने लावलेला. जमीन तीच, पण जागेवरून, माणसावरून आणि काळावरून अशा तीन दारांनी तिच्यापाशी जाता येतं. सातबाऱ्यावर नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक दिलेला असतो, म्हणजे एका दारातून आत शिरलेल्याला दुसऱ्या दाराची खूणही मिळते. वस्तू एका जागी असावी आणि तिथे जाणाऱ्या वाटा अनेक असाव्यात, याचं इतकं चांगलं उदाहरण आपल्या रोजच्या व्यवहारात दुसरं नाही. ‘सातबारा’ या शब्दाचा स्वतःचा काही अर्थ नाही, ते नुसते दोन आकडे आहेत; तरी तो घरोघरी रुळला, कारण या कागदाशिवाय पीककर्जही मिळत नाही. गरज एवढी मोठी असेल तर माणसं बिनअर्थाचं नावही पाठ करतात. मात्र प्रत्येक कप्प्याला असं नशीब लाभत नाही, आणि एवढ्या आधारावर बिनअर्थाची नावं ठेवत जाणं बरोबर नाही.

पूर्व विदर्भाचं दप्तर उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा थोडं वेगळं आहे. हा मुलूख मध्य प्रांतातला, मालगुजारीचा, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकांचा. 1950च्या कायद्याने मालगुजारी गेली, 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला. पण जुन्या व्यवस्थेतली दोन कागदपत्रं 1966च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही टिकून राहिली : निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. निस्तारपत्रकात गावातल्या बिनभोगवट्याच्या जमिनीवर गावकऱ्यांनी काय काय करायचं याची नोंद असते : गुरं कुठे आणि कोणत्या अटींवर चारायची, जळाऊ लाकूड कुठून आणायचं, मुरूम, रेती, माती कुठून काढायची. वाजिब-उल-अर्जमध्ये वहिवाटी येतात : पाण्याचा हक्क, जाण्यायेण्याची वाट, मासेमारी. या कागदांचे कप्पे कामावरून पडलेले आहेत. गावातला माणूस जमिनीकडे ज्या नजरेने पाहतो तीच नजर त्या कागदात उतरली आहे. त्याच जमिनीवर महसुलाच्या दप्तरात आणखी एक शिक्का पडलेला होता, आणि तो मात्र जमीन दिसते कशी यावरून मारलेला होता : ‘झुडपी जंगल’.

या दोन शब्दांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. मुरमाड, हलक्या जमिनीवर खुरटी झुडपं, मोठं झाड धरत नाही, गुरं चरायला ठीक : अशा जमिनीला झुडपी जंगल म्हणत. लिहिणाऱ्याच्या लेखी ते जमिनीचं वर्णन होतं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून अशी सुमारे 86 हजार हेक्टर जमीन राहिली. गावं वाढली तशी त्यातल्या बऱ्याच जमिनीवर घरं, शाळा, दवाखाने, रस्ते, स्मशानं झाली. पुढे 1980 साली वनसंवर्धन कायदा आला, आणि 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी दप्तरात जिची नोंद ‘वन’ अशी आहे ती जमीन वनच धरायची, मालकी कोणाचीही असो. मग प्रश्न आला की झुडपी जंगलातलं ‘जंगल’ हे ते जंगल का? जिथे शाळा उभी आहे तिथेही हा प्रश्न आला. त्याचा निकाल लागायला 22 मे 2025 उजाडावा लागला. न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच आहे असं ठरवलं आणि 1996 पूर्वी वाटप झालेल्या जमिनींसाठी केंद्राच्या मंजुरीची वाट मोकळी ठेवली. निकालाच्या गुणदोषांत इथे शिरायचं नाही. जंगल राखायलाच हवं आणि जिथे माणसं राहतात तिथे ती राहायलाच हवीत, ही दोन्ही म्हणणी खरी आहेत. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ज्याने शिक्का मारला त्याने झुडपं पाहिली होती. ज्याला तो शिक्का पुढे वापरावा लागला त्याला त्या जमिनीवर काय चालतं हे जाणून घ्यायचं होतं, आणि ते त्या शब्दांत नव्हतं. ते निस्तारपत्रकात होतं.

याच पट्ट्यात बांबूची गोष्ट घडली. वनस्पतिशास्त्र म्हणतं, बांबू हे गवत. 1927च्या भारतीय वन कायद्याने मात्र त्याला ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत घातलं. वन खात्याच्या दृष्टीने त्यात तर्क होता : जे तोडायचं, मोजायचं, वाहून न्यायचं, ते सगळं एका कप्प्यात. पण त्या कप्प्यामुळे बांबू इमारती लाकडाच्या रांगेत जाऊन बसला आणि त्याची वाहतूक परवान्याशिवाय होईना. डाल्या, सुपं, टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला, घराला कूड घालणाऱ्या गोंड कुटुंबाला बांबू कधी सागवानासारखा वाटला नव्हता. तो मोहाच्या फुलांसारखा, तेंदूच्या पानांसारखा, दर साली पुन्हा येणारा. 2006च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात धरलं, म्हणजे एकोणऐंशी वर्षांनी का होईना, वापरणाऱ्याच्या कप्प्यात आणलं. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागे, आणि तो देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे नव्हता. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांच्या उपस्थितीत परवान्यांचं पुस्तक गावात येऊन ग्रामसभेच्या हाती दिलं. मेंढा-लेखाचे नेते देवाजी तोफा आणि त्यांच्या गावाने त्याआधी किती वर्षं घालवली होती, हे त्या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे. 2017 साली वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून बांबू हा शब्द गाळला गेला आणि वनाबाहेर वाढवलेला बांबू मोकळा झाला. नव्वद वर्षं एक गवत चुकीच्या फडताळात पडून होतं.

हा मुद्दा जमिनीपुरता किंवा जंगलापुरता नाही. ग्रंथालयशास्त्राने हाच प्रश्न फार बारकाईने सोडवलेला आहे. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने 1876 साली सगळं ज्ञान दहा वर्गांत, मग प्रत्येकाचे दहा-दहा उपवर्ग अशा दशांश पद्धतीने लावलं. ही पद्धत साधी, आकड्यांची, जगभर पसरलेली. आपल्याकडेही असंख्य ग्रंथालयांत पुस्तकाच्या पाठीवर तिचेच आकडे असतात. पण ते आकडे वाचत गेलं की ड्यूई कुठे उभा होता ते दिसतं. साहित्याच्या आठशेच्या घरात इंग्रजी साहित्याला 820 हे अख्खं दशक मिळालं. मराठी साहित्य 891.46 वर, ‘इतर भाषां’च्या खोलीतल्या एका खणात. धर्माच्या दोनशेच्या घरात ख्रिस्ती धर्माने बहुतेक जागा व्यापली आणि हिंदू धर्म 294.5 वर, बौद्ध धर्म 294.3 वर. यात दुष्टावा पाहायचं कारण नाही. त्याच्या समोरच्या वाचकाला इंग्रजी पुस्तकंच जास्त लागत होती. पण हाच ठोकळा उचलून चंद्रपूर जिल्ह्यातल्या वाचनालयात ठेवला, तर जिथे दहापैकी नऊ पुस्तकं मराठी असतील तिथे साहित्याची बहुतेक सगळी पुस्तकं दशांशचिन्हानंतरच्या आकड्यांत दाटीवाटीने बसतात आणि 820चा खण रिकामा राहतो. शोधणारा बदलला, कप्पा बदलला नाही.

शियाळी रामामृत रंगनाथन यांना हे कळलं होतं. गणिताचे प्राध्यापक असलेले रंगनाथन मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल झाले, आणि 1931 साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला चौथा म्हणतो, वाचकाचा वेळ वाचवा. मला पाचांत हाच सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण व्यवस्थेची कसोटी तो व्यवस्थापकाच्या हातून काढून वाचकाच्या घड्याळाकडे देतो. दोन वर्षांनी आलेल्या त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात पुस्तकाला एकच ठरलेला खण नव्हता. विषयाचे पैलू वेगळे करायचे आणि जोडत जायचे. कोणती गोष्ट, कशाची बनलेली, तिच्यावर कोणती क्रिया, कुठे, केव्हा. तलाठ्याच्या दप्तरातली जागा, माणूस आणि काळ ही तीन दारं आठवावीत; नाती उघड आहेत. रंगनाथनांची पद्धत ड्यूईएवढी पसरली नाही, कारण तिचे आकडे वाचायला अवघड आहेत. वाचकाचा वेळ वाचवणाऱ्या माणसाची खूणचिठ्ठी वाचकालाच उलगडू नये, हे तिचं खरं दुबळेपण. कल्पना वाचकाची असून भागत नाही, खूणही वाचकाची लागते.

खूण वापरणाऱ्याच्या हातातली असली की काय होतं, याचं उदाहरण वरोऱ्याच्या वेशीवर आहे. बाबा आमट्यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या माळावर कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभं राहिलं. त्याच काळात वैद्यकशास्त्र कुष्ठरोगाचे प्रकार पाडत होतं. 1966 साली रिडली आणि जॉपलिंग यांनी पाच प्रकारांची मांडणी केली. ती शास्त्राला धरून होती, आजही संशोधनात वापरली जाते. पण प्रकार नक्की करायला त्वचेचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. खेड्यात घरोघर जाणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याच्या पिशवीत सूक्ष्मदर्शक नसतो. 1982 साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवले आणि रुग्णांचे दोनच गट केले. पुढे नव्वदच्या दशकात ते गट ओळखायची रीतही ठोकळमानाने सोपी केली : अंगावरचे चट्टे मोजा. पाचपर्यंत असतील तर एक गट, सहा महिने औषध. पाचाहून जास्त असतील तर दुसरा गट, बारा महिने औषध. बोटांनी मोजता येईल एवढी ती खूण. तज्ज्ञांनी आक्षेप घेतले, आणि ते खोटे नव्हते. थोडे चट्टे असूनही जंतू जास्त असलेला रुग्ण चुकीच्या गटात जाऊ शकतो. पण दुसऱ्या पारड्यात काय होतं? प्रयोगशाळेची वाट पाहत बसलेली, उपचाराविना राहिलेली माणसं. थोडी चूक पत्करून ज्याच्या हातात काम आहे त्याला झेपेल असा कप्पा करणं, हा निर्णय मला शास्त्रापासून ढळलेला वाटत नाही. शास्त्र कोणासाठी, हे त्यात स्पष्ट आहे.

आनंदवनाच्या आतल्या नावांतूनही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथल्या वृद्धांच्या वसाहतीचं नाव उत्तरायण, मुलांच्या घराचं गोकुळ, अपंगांना हाताचं काम शिकवणाऱ्या शाळेचं संधिनिकेतन. ही नावं आजारावरून किंवा व्यंगावरून ठेवलेली नाहीत. ज्या माणसाला गावाने एका शब्दात बसवून वेशीबाहेर काढलं होतं, त्याला दुसऱ्या शब्दाच्या घरात नेलं. इथे माझ्या मांडणीला एक अडचण येते आणि ती मी लपवत नाही. पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला उत्तरायण म्हणजे काय ते कळणार नाही. शोधणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ‘वृद्धाश्रम’ अधिक सोपं. पण नाव ठेवताना शोधणारा एकटाच नसतो. ज्याच्यावर ते नाव पडतं तोही असतो. वस्तूंचे कप्पे करताना शोधणाऱ्याची सोय पहिली. माणसांचे कप्पे करताना ज्याला त्यात राहायचं आहे त्याचा मान पहिला, आणि पाहुण्यासाठी वाटेवर एक पाटी लावता येते.

आता सगळ्यात जोरकस आक्षेप घेऊ. आजकाल कप्पे कशाला हवेत, असं पुष्कळ जण म्हणतात. फोनमध्ये शब्द लिहिला की समोर येतं. फडताळं लावण्याचे दिवस गेले. शब्द ठाऊक असेल तर हे खरं आहे. पण शब्द कोणाचा? वरोऱ्याच्या बाजारात मुनगा मिळतो. पुण्याच्या पुस्तकात त्याला शेवगा म्हणतात. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर. इथलं धान म्हणजे कोकणातलं भात, इथली पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड, इथला तेंदू तिकडे टेंभुर्णी. ज्याने ‘मुनग्याची लागवड’ असं शोधलं त्याच्यापुढे ‘शेवगा’ या शब्दाखाली लिहिलेली उत्तम माहिती कदाचित येणारच नाही, आणि ती आहे हेही त्याला कधी कळणार नाही. त्याच माणसासमोर ‘भाजीपाला’ असा कप्पा उघडा असता तर शेंगेचं चित्र पाहून त्याने ती ओळखली असती. आणि ज्याला आपल्या अडचणीचं नावच ठाऊक नाही, त्याचं काय? पानावर ठिपके पडलेत एवढंच ज्याला दिसतं, त्याने रोगाचं नाव कुठून आणायचं? शोध ज्याला शब्द सापडलाय त्याच्यासाठी असतो. ज्याला अजून शब्द सापडायचा आहे त्याच्यासाठी कप्पे असतात. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश रचताना ही दोन्ही माणसं डोळ्यांपुढे ठेवली होती. पहिले पाच प्रस्तावना खंड विषयवार, ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, असे. त्यानंतरचे बहुतेक खंड अकारविल्हे. ज्याला शब्द माहीत होता त्याने सरळ पुढचे खंड उघडावेत, ज्याला मुलूख पाहायचा होता त्याने पहिल्या खंडांतून चालत जावं. शंभर वर्षांपूर्वी मराठीत ही दोन्ही दारं एका घराला लावली गेली होती, आणि एक दार बसवलं म्हणून दुसरं काढून टाकावं असं कोणाला वाटलं नव्हतं.

दुसरा आक्षेप असा, की जग कप्प्यांत मावत नाही. एकच गोष्ट चार ठिकाणी शोभते. मोहाचं झाड अन्नात घालायचं, औषधात, देवकार्यात की उत्पन्नात? खरं आहे. पण याचं उत्तर नमुना बारामध्ये कधीच देऊन ठेवलेलं आहे. वरोरा भागात कपाशीत तुरीचे तास पेरायची रीत जुनी आहे. शेत कपाशीचं म्हणायचं की तुरीचं? पीक नोंदवहीत निर्भेळ पिकाखालचं क्षेत्र वेगळं आणि मिश्र पिकाखालचं वेगळं, आणि मिश्र पीक असेल तर त्यातली घटक पिकं कोणती व प्रत्येकाखाली किती क्षेत्र, असे रकाने आहेत. मिश्रणाला मिश्रण म्हणून मान्यता दिली आणि मग त्यातला प्रत्येक घटक त्याच्या हिशोबात धरला. 2021 पासून ही नोंद ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः फोनवर करतो. ‘निर्भेळ’ हा दप्तरी शब्द शेतकऱ्याच्या तोंडी नाही. म्हणून त्याच्याशेजारी ‘एक पीक’ असं लिहिलेलं असतं. इतकी छोटी दुरुस्ती. पण ज्याला बोटाने निवड करायची आहे तो बांधावर, उन्हात उभा असतो, आणि त्या दोन शब्दांनी त्याची नोंद बरोबर होते.

कप्पे पाडणारा थकला की ‘इतर’ नावाचा कप्पा करतो. त्याशिवाय कोणाचंच भागलेलं नाही. अमरसिंहाने अमरकोशात स्वर्गवर्ग, भूमिवर्ग, वनौषधिवर्ग असे सुरेख वर्ग पाडले, आणि शेवटच्या कांडात संकीर्णवर्गही ठेवला. थोडंसं ‘इतर’ असणं हा प्रामाणिकपणा आहे. पण ‘इतर’ फुगू लागलं की कुठला तरी कप्पा करायचा राहून गेला असं खुशाल समजावं. सातबाऱ्यावर भोगवटादाराच्या नावाशेजारी ‘इतर अधिकार’ असा रकाना असतो. कुळाचं नाव, बँकेचा बोजा, एखादा निर्बंध, हे सगळं त्यात. जमीन घ्यायला निघालेल्या माणसाला खड्ड्यात घालील अशी जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्या एका रकान्यात असते, आणि नाव मात्र ‘इतर’. जाणकार माणूस सातबारा हातात घेतला की आधी तोच रकाना वाचतो. नवखा मालकाचं नाव आणि क्षेत्र वाचून कागद घडी करून ठेवतो. या रकान्याला ‘जमिनीवरचे बोजे व इतरांचे हक्क’ असं ठसठशीत नाव असतं, तर किती व्यवहार वेळीच थांबले असते, असं वाटल्यावाचून राहत नाही.

हे सगळं करायला वेळ कोणाकडे आहे, असाही प्रश्न येतो. गावच्या वाचनालयात एक माणूस, तोही अर्धवेळ. ग्रामपंचायतीत एक सेवक. पण चुकीच्या कप्प्याचा वेळ कोणाच्या खात्यावर पडतो तेही मोजायला हवं. ठेवणाऱ्याने एकदा वाचवलेला एक दिवस शंभर शोधणारे पुढे वर्षानुवर्षं थोडा थोडा करून फेडतात. मुख्य कप्पे मोजके असावेत, नावं बोलीतली असावीत, आणि वर्षातून एकदा ‘इतर’ची थप्पी उपसावी, याला मोठा फौजफाटा लागत नाही.

एक वस्तू आणि तिच्याकडे जाणाऱ्या अनेक वाटा, अशी एक वही तर कायद्यानेच सांगितलेली आहे. 2002च्या जैविक विविधता कायद्याखाली प्रत्येक स्थानिक संस्थेने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तिच्या तक्त्यांत स्थानिक नाव आणि शास्त्रीय नाव असे दोन्ही रकाने आहेत. जिथे ती नोंदवही मन लावून भरली जाते, तिथे एकाच ओळीत इथला तेंदू, पुण्याकडची टेंभुर्णी, गोंडी किंवा माडिया नाव आणि डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन हे लॅटिन नाव शेजारी शेजारी बसू शकतं. त्याच ओळीत पुढे, झाड कुठे आढळतं आणि कशाला वापरतात. शास्त्रज्ञ लॅटिन नावाने आत येईल, वन खात्याचा माणूस मराठी नावाने, आणि उन्हाळ्यात भल्या पहाटे पानं तोडायला निघणारी बाई तिच्या घरात ज्या नावाने त्या झाडाला हाक मारतात त्या नावाने.